पाणंद मोकळी करण्याआधी तिच्यातली झाडे तरी ओळखा

पाणंद रस्त्याचे काम मंजूर झाले की गावात जेसीबी येतो. दोन्ही बाजूंची झाडी दोन दिवसांत उपटली जाते, मुरूम पडतो, रोलर फिरतो, फोटो निघतो. त्या झाडीत काय काय होते, हे कुणी विचारत नाही. कागदावर ती ‘झाडेझुडपे’ असते, बोलण्यात ‘कचरा’ असते आणि काम संपते तेव्हा तीही संपलेली असते.

रस्ता नको, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. गुडघाभर चिखलातून खताचे पोते डोक्यावर नेणाऱ्याला किंवा तोडीचा ऊस शेतातच अडकून पडलेल्याला झाडाझुडपांचे कौतुक ऐकवणे म्हणजे त्याची थट्टाच. राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आणली ती याच अडचणीपोटी. आक्षेप आहे तो एवढाच, की आपण जे काढून टाकतो आहोत ते आपल्याला ओळखताही येत नाही. कासच्या फुलांसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. स्वतःच्या बांधावरची दहा झुडपे मात्र नावानिशी सांगता येत नाहीत. वृक्षारोपणाचे आकडे दरवर्षी जाहीर करणाऱ्या आपल्या राज्यात आधी काय उभे आहे ते ओळखण्याचा कार्यक्रम कुणीच घेत नाही. तो आधी घ्यायला हवा, आणि तो फार अवघडही नाही.

पाणंदीत असते तरी काय?

पाणंद म्हणजे शेतांच्या बांधांमधून गेलेली, बैलगाड्यांच्या वहिवाटीने खोल झालेली वाट. विदर्भात तिला पांदण म्हणतात आणि बांधाला धुरा. कोकणात शेताभोवती दगडी गडगा असतो, नाहीतर काट्याकुट्यांची वई. नावे वेगळी असली तरी बांधणी साधारण सारखीच. जनावर आत शिरू नये म्हणून काटेरी झुडपे, त्यांना एकमेकांत गुंतवून ठेवणाऱ्या वेली, आणि मध्येच पाखरांच्या विष्ठेतून रुजून मोठी झालेली झाडे. त्यातले लावलेले कोणते आणि आपसूक उगवलेले कोणते, हे दोन पिढ्यांनंतर सांगता येत नाही.

करवंदापासून सुरुवात करू, कारण ते फळ सगळ्यांच्या ओळखीचे आहे. मे महिन्यात पळसाच्या पानांच्या द्रोणात विकायला येणारी करवंदे खाल्लेली असतात, पण फळ नसताना तीच जाळी समोर असली तर किती जण ओळखतील? खुणा सोप्या आहेत. पाने जाड, चकचकीत, देठाशी समोरासमोर जोडीने आलेली. काटे कडक, बरेचदा टोकाशी दोन फाटे फुटलेले. पान तोडले की पांढरा चीक येतो. उन्हाळा सुरू होण्याच्या सुमारास पांढरी, मंद वासाची फुले. करवंदाची जाळी बारा महिने हिरवी असते, तिच्यातून गाय सहसा घुसत नाही आणि बुलबुलाला घरटे करायला याहून सुरक्षित जागा मिळत नाही. फळे खाऊन त्याच्या बिया पुढच्या बांधावर नेऊन टाकणाऱ्यांतही बुलबुल असतोच.

तिच्या शेजारी बहुधा निर्गुडी असते. एका देठावर हाताच्या बोटांसारखी तीन नाहीतर पाच पाने, खालची बाजू पांढुरकी, फुले फिकट जांभळी. पान चुरगाळले की येणारा उग्र वास एकदा घेतला तर विसरत नाही. शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला चालते. धान्याला कीड लागू नये म्हणून तिची पाने कणगीत घालण्याची रीतही जुनी.

मग सागरगोटा. पाण्यातल्या गोट्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या राखी, टणक बिया घेऊन आपल्या आज्या अंगणात खेळत. त्या बिया ज्या वेलीच्या आहेत तिला आकडेदार काटे असतात आणि शेंगाही काट्यांनी भरलेल्या. गुंजही इथलीच. चिंचेसारखी नाजूक पानांची वेल, हिवाळ्यात शेंगा तडकून उलगडतात आणि लाल-काळ्या बिया त्यांना चिकटून राहतात. सोनाराच्या तराजूत ही बी वजन म्हणून असे, तिचा पाला विड्यात गोडीसाठी घालतात. मात्र हीच बी चावून किंवा कुटून पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. मुलांना गुंजेच्या माळा करू द्याव्यात, तोंडात घालू देऊ नयेत, हे पूर्वी घरोघर माहीत असे.

पावसाळ्यात याच वईवर कळलावी चढते. पानाचे टोकच ताण्यासारखे वळते आणि आधार धरते, ही तिची पक्की खूण. फूल आधी पिवळट-हिरवे, मग शेंदरी, मग लाल. पाकळ्या ज्वाळांसारख्या मागे वळलेल्या. तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे. बाळंतपणात कळा आणण्यासाठी तिचा वापर होत असे, त्यावरून हे नाव पडले. कंद अत्यंत विषारी असतो. रताळ्यासारखा दिसतो म्हणून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत.

करटोलीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. कंटोली, काटवल, करटुले, काहीही म्हणा. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक दचकते. या वेलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. फळ फक्त मादीला धरते. नर वेलाला फळ येत नाही म्हणून त्याला ‘वांझ’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि वांझ म्हणून तो उपटलाही जातो. परागकण देणारा नर गेला की शेजारची फळणारी वेलही फळणे थांबते. म्हणजे नुसती वेल ओळखून भागत नाही, नर की मादी तेही कळावे लागते. (फळ न धरल्याचे खापर ‘वांझ’ म्हणून कुणावर फोडायचे, हे आपले जुनेच दुखणे. इथे तो वेल तर पुरुष निघाला.)

देशी कोण आणि बाहेरून आलेले कोण?

‘देशी झाडे लावा’ ही घोषणा आता सर्वांच्या तोंडी आहे, पण बांधावर उभे राहून देशी कोणते ते बोट दाखवून सांगा म्हटले की गडबड होते. निवडुंगाचेच घ्या. चपट्या, हातपंजासारख्या खोडाचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. तीन धारांचा, काटेरी त्रिधारी निवडुंग इथला. दोघे एका कुळातलेही नाहीत. ओळखायची युक्ती अशी, की त्रिधारीला खरचटले तर दुधासारखा चीक येतो, फड्याला येत नाही. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, एवढी काळजी घ्यावी. कुंपणाला सर्रास लावलेला, पेन्सिलीसारख्या हिरव्या फांद्यांचा शेर मात्र आफ्रिकेकडचा, पण तो इतक्या काळापासून इथे आहे की कुणालाच परका वाटत नाही.

घाणेरी म्हणजे टणटणी. तिची रंगीबेरंगी फुले आणि काळी फळे पाहून ती इथलीच असे बहुतेकांना वाटते. ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि आज जंगलांच्या जंगले तिने व्यापली आहेत. कोकणात आणि घाटात रानमोडीने तेच केले. गाजर गवताची आपल्याकडची नोंद १९५०च्या दशकातली, आणि तीही पुण्याची. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावली जाणारी गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी मध्य अमेरिकेतली.

सगळ्यात मजेशीर प्रकार कॉसमॉसचा. पाऊस ओसरू लागला की पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर केशरी-पिवळ्या फुलांचा गालिचा पसरतो, लोक त्यात उभे राहून फोटो काढतात आणि ‘सह्याद्रीची रानफुले’ म्हणून टाकतात. ती फुले मेक्सिकोची आहेत. जिथे त्यांचा गालिचा दाट झाला, तिथे तेरडा, सोनकी यांना जागा उरत नाही.

बाहेरून आलेले सगळे वाईट, असे म्हणायचे नाही. मिरची, बटाटा, सीताफळ, पेरू हेही अमेरिकेचेच. निकष साधा ठेवावा. जे झाड आपल्या शेजाऱ्यांना जगू देत नाही आणि ज्याच्यावर इथले किडे-पाखरे फारशी जगत नाहीत, ते बांधावरून काढायला हरकत नाही. गंमत अशी, की जेसीबीने साफ केलेल्या उघड्या मातीत सर्वात आधी उगवते ते गाजर गवत आणि घाणेरी. करवंदाची जाळी परत यायला वर्षे लागतात.

किड्या-पाखरांचा मुद्दा नुसता भावनेचा नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. हिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. रानात त्यातले एक म्हणजे माकडलिंबू, जंगलाच्या कडेला दिसणारे काटेरी झुडूप. पाकोळीचे चित्र सगळीकडे छापले गेले, माकडलिंबाचे कुठे दिसले नाही. ते झुडूप तोडणाऱ्याला आपण राज्य फुलपाखराचे घर मोडतो आहोत हे कळायचे कसे?

ओळख चुकली तर काय होते?

रानभाज्यांना सध्या बरे दिवस आले आहेत. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, समाजमाध्यमांवर पाककृती फिरतात, शहरातली मंडळी सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन डोंगराकडे निघतात. हे चांगलेच आहे. पण ज्यांना या भाज्या पिढीजात माहीत आहेत त्यांच्याकडे भाजीबरोबर तिचा पथ्यपाणीही असतो, तो चित्रफितीत येत नाही.

शेवळा हे उत्तम उदाहरण. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारा हा कोंब नुसता शिजवून खाल्ला तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. म्हणून ठाणे-रायगडकडे त्यात काकडाची आंबट फळे घालतात. हे काकड म्हणजे सॅलडची काकडी नव्हे. जंगलातले एक मोठे झाड. शेवळा आणि काकड एकाच हंगामात मिळतात आणि बाजारात ज्या बाईकडे शेवळाच्या जुड्या असतात तिच्याच पाटीत काकडेही असतात. या भाजीला दोन वनस्पती ओळखाव्या लागतात, एक ओळखून चालत नाही.

खाजेवर निभावले तर नशीब. टाकळा, म्हणजे विदर्भातला तरोटा, पावसाळ्यात सर्वत्र उगवतो आणि त्याची कोवळी भाजी घरोघर होते. त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्याच शेजारी उकिरड्यावर, रस्त्याकडेला वाढणारा कासविंदा मूळचा अमेरिकेतला. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर परिसरात पावसाळ्यानंतर लहान मुले एकाएकी बेशुद्ध पडून दगावत. बराच काळ हा मेंदूज्वराचा विषाणू समजला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हे त्याचे कारण होते. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत मुलांचे मृत्यू झाले तेव्हाही जपानी मेंदूज्वराबरोबर तज्ज्ञांनी याच झाडाचे नाव घेतले. तिथे त्याला ‘बडा चकुंडा’ म्हणतात, म्हणजे मोठा टाकळाच.

फरक कसा करायचा? टाकळ्याच्या एका पानावर साधारण तीन जोड्या पर्णिका असतात, टोकाशी गोलसर. कासविंद्याच्या चार ते सहा जोड्या आणि पर्णिका टोकदार, भाल्याच्या पात्यासारख्या. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी आणि वर उभी. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे राहून दहा मिनिटांत शिकवता येईल एवढेच हे ज्ञान आहे. आपण मात्र फुलाचे भाग शिकवायला जास्वंद घेतो आणि दाराबाहेरचा टाकळा तसाच राहतो.

करोनाकाळात गुळवेलीचे काय झाले, तेही आठवावे. प्रतिकारशक्तीसाठी लोकांनी कुंपणावरून, झाडांवरून वेली ओरबाडून काढे केले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नाही. टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या दिसायला जवळच्या जाती असतात. पुढे इतर ठिकाणच्या रुग्णांवरचे अभ्यासही आले आणि वाद चालू राहिला. वैद्यकीय बाजू डॉक्टरांवर सोडू. पण मंत्रालयाच्याच म्हणण्याचा अर्थ असा होतो, की लोक जे गुळवेल म्हणून घेत होते ते काय होते याची खात्री कुणालाच नव्हती. आपल्या जंगलातच गुळवेलीची एक बहीण आहे, तिच्या पानांना खालून दाट लव असते. खऱ्या गुळवेलीचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. हे पाहायला पान उलटे करावे लागते, खोडावर बोट फिरवावे लागते.

मोबाइल ओळखून देईल ना?

काही प्रमाणात देईल. आयनॅचरलिस्ट, प्लँटनेट, गूगल लेन्स ही साधने उपयोगी आहेत आणि ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे त्याने ती जरूर वापरावीत. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर भारतातल्या नोंदी पाहता येतात. पण एका पानाचा वरून काढलेला फोटो टाकून आलेल्या पहिल्या नावावर विश्वास ठेवणे म्हणजे पत्रिकेतल्या फोटोवरून लग्न ठरवणे.

फोटो चार तरी हवेत : अख्खे झाड, फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दाखवणारा, पानाची खालची बाजू, आणि फूल किंवा फळ. चीक, वास, काट्याचा कडकपणा फोटोत येत नाही. तो लिहून ठेवावा लागतो. ॲपने सुचवलेली जात आपल्या भागात नोंदली गेली आहे का, हे नकाशावर पाहावे. आणि पोटात घालायची वस्तू असेल तर ॲपचा निकाल अजिबात धरू नये. ती ज्यांच्या घरात वर्षानुवर्षे शिजते त्यांनाच विचारावे.

नावांचा गुंता वेगळाच. कुडा म्हटले की पांढरा की काळा, हे विचारावे लागते. पांढरा कुडा आवेच्या औषधाचा. काळा कुडा दिसायला जवळचा. फळे आल्यावर फरक लगेच कळतो. दोघांच्याही लांब शेंगा जोडीने लटकतात, पण काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. हे इंग्रजी ग्रंथांत आहे आणि गुराख्यांनाही माहीत असते. मधल्या आपल्यालाच ते माहीत नसते.

ग्रंथ मात्र आपल्याकडे कमी नाहीत. पुण्याच्या तत्कालीन सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची मोठी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली, तीत स्थानिक नावेही दिली आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. श्रीकांत इंगळहळीकरांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ने कितीतरी हौशी मंडळींना रानफुलांकडे वळवले. मराठी विश्वकोशात वनस्पतींवरच्या चांगल्या, नेमक्या नोंदी आहेत आणि त्या मोबाइलवर फुकट वाचता येतात. मागे जायचे तर मलबारच्या वनस्पतींवरचा व्हॅन ऱ्हीडचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला, त्यात तीन कोकणी पंडितांचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत आहे. देवराईतल्या गारंबीच्या, त्या हातभर नव्हे तर माणसाच्या कमरेपर्यंत येतील एवढ्या लांब शेंगांच्या वेलीच्या शास्त्रीय नावात आजही हा ऱ्हीड आहे. ज्यांनी झाडे दाखवली, नावे सांगितली, त्या बहुतेकांची नावे असल्या ग्रंथांत येत नाहीत.

शेतकऱ्याने हे का राखावे?

हा प्रश्न सोपा नाही आणि निसर्गप्रेमी मंडळी तो टाळतात. बांधावरच्या झाडीची सावली पिकावर पडते, कडेच्या दोन ओळी खुरटतात. वाटण्या होऊन शेते अरुंद झाली, ट्रॅक्टर वळवायला जागा लागते. रानडुकरांना करवंदाची जाळी थोपवू शकत नाही. ते खालून घुसतात. तिथे तारेचे कुंपण लागणारच. शिवाय सजीव कुंपण उभे राहायला तीन-चार पावसाळे जातात. करवंदाचे बी ताजे असतानाच पेरावे लागते, ठेवून दिले तर उगवत नाही. एवढा धीर कर्ज काढून शेती करणाऱ्याकडे का असावा?

म्हणून सगळे राखा, असे सांगण्यात अर्थ नाही. पण निवड करायची तर ओळख हवी. घाणेरी काढा, करवंद ठेवा. उंदीरमारी छाटा, निर्गुडी ठेवा. पाणंद रुंद करायची तर दोन्ही बाजू सरसकट न उपटता जिथे जुनी झाडी दाट आहे ती एक बाजू जमेल तिथे राखा. या सूचना जेसीबीच्या चालकाला देता येतात. त्या देणाऱ्याला झाडे दाखवता आली पाहिजेत, इतकेच. तणनाशकाचेही तसेच. ते बांधावर मारले की टाकळा, कुर्डू, करटोली आणि गाजर गवत एकाच दिवशी पिवळे पडते, आणि पुढच्या पावसात आधी परत येते ते गाजर गवत.

कायद्यात याला जागा आहे का?

आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. गावात कोणत्या वनस्पती आहेत, त्यांची स्थानिक नावे काय, कोण त्यांचा काय उपयोग करते, हे त्या वहीत लोकांनी सांगायचे. वर्षानुवर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि नंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मुदत आली की काम कसे होते, ते आपण जाणतो. घाईत भरलेल्या वहीत आंबा, वड, पिंपळ, तुळस सापडते. पाणंदीतल्या झुडपांची जागा कोरी असण्याचीच शक्यता जास्त.

ही वही आपल्या ग्रामपंचायतीत मागून पाहा. मागण्याचा हक्क गावकऱ्याला आहे. तिच्यात पाणंद आणि बांध यांची नोंद करून घ्या. पाणंदीच्या कामाचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा ती नोंद पुढे ठेवता येते. नोंद नसेल तर बोलायला आधारच राहत नाही.

शब्दाने किती फरक पडतो, ते विदर्भाने पाहिले आहे. मध्य प्रांताच्या जुन्या महसुली दप्तरात चराईच्या, खुरट्या झाडीच्या जमिनींची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी झाली. झुडपी म्हणजे निकृष्ट, असा अर्थ रूढ झाला आणि त्या जमिनी वन की महसुली यावर काही दशके वाद झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वनजमिनीच मानल्या. पाणंदीला असे न्यायालय मिळण्याची शक्यता नाही. तिच्यासाठी ग्रामसभाच काय ती.

सुरुवात कुठून करावी?

दुर्मीळ फुलांच्या मागे लागू नये. तीस वनस्पती पुरेत. एकच पाणंद किंवा शहरात असाल तर एकच टेकडीची वाट धरावी आणि महिन्यातून एकदा तिथूनच जावे. तेच झाड फुलात, फळात, पानगळीत पाहिले की पक्के होते. दहा जागी दहा झाडे पाहून काही राहत नाही. सोबत गुरे राखणारे काका किंवा रानभाजी विकणाऱ्या मावशी असतील तर फार बरे. त्यांचा अर्धा दिवस जातो, त्याची मजुरी द्यावी. फुकटचे ‘पारंपरिक ज्ञान’ गोळा करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. त्यांनी सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, आपल्या पुस्तकातले नाव त्याच्यापुढे लिहावे, त्याच्या जागी नको. फांद्या तोडून आणू नयेत, कंद उकरू नये.

जूनमध्ये शेवळा दिसेल, जुलैपासून करटोली आणि कळलावी, भाद्रपदात तेरडा नि सोनकी. पाऊस सरला, वाट सुकली की कामांचे आदेश निघू लागतात. गुंजेच्या शेंगा तडकतात त्याच सुमारास जेसीबीही बांधावर येऊन उभा राहतो. तोवर हाती एक पावसाळा आहे.